परदेशातून मृत्युपत्राला आव्हान
न्यू जर्सीहून एका ताईंचा फोन आला. "बाबांनी घर दादाच्या नावे केलंय. मृत्युपत्र नोंदणीकृत आहे, म्हणजे संपलंच ना?"

नाही! निव्वळ नोंदणीनं मृत्युपत्र खरं ठरत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात, आणि ते सिद्ध करायचं ओझं मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असतं.

मात्र स्वकष्टार्जित घर वडील कुणालाही देऊ शकतात. 'मला डावललं' एवढं कारण पुरत नाही.

मुंबईत प्रोबेटचा (मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचा) अर्ज झाला असेल तर आधी कॅव्हिएट, म्हणजे हरकतीची सूचना, दाखल करा. मग प्रकरण दाव्यासारखं चालतं, साक्षीदारांची उलटतपासणी होते. माझ्या अनुभवात खरी कसोटी तिथेच लागते.

परदेशात राहून हे चालवायचं तर इथल्या विश्वासू माणसाच्या नावे भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवा. महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा; हे बरेच जण विसरतात. तुमच्या वतीनं साक्ष मात्र मुखत्यार देऊ शकत नाही.

काही अडलं तर खाली विचारा.