गून शो ऐकायचा तर डोळे मिटून

ब्लूबॉटल विचारतो, किती वाजले? एक्ल्स म्हणतो, थांब, माझ्याकडे कागदावर लिहिलेलं आहे. एका भल्या गृहस्थाने सकाळी लिहून दिलंय: आठ. पण कुणी वेळ विचारली आणि तेव्हा आठ वाजलेले नसले तर? तर मी कागद दाखवतच नाही, एक्ल्सचं उत्तर तयार. मग आठ वाजले हे तुला कळतं कसं? कागदावर लिहिलंय ना!

हे संभाषण ‘द गून शो’ या विनोदी मालिकेत १९५७ साली बीबीसी रेडिओवरून प्रसारित झालं. ते आजही तितकंच हसवतं, कारण त्यातला वेडेपणा आतून अगदी चोख आहे. ऐकताना डोळ्यांसमोर एक लांबुडका बावळट माणूस आणि अर्ध्या चड्डीतला किनऱ्या आवाजाचा स्काउट पोरगा उभा राहतो. प्रत्यक्षात तिथे मायक्रोफोनसमोर हातात कागद धरून दोन मोठे पुरुष उभे होते: स्पाइक मिलिगन आणि पीटर सेलर्स.

‘द गून शो’चा मुख्य लेखक मिलिगन हा आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. १६ एप्रिल १९१८ला तो तिथल्या लष्करी वस्तीत जन्मला. वडील आयरिश, ब्रिटिश तोफखान्यात नोकरीला. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शाळेची सुरुवात, मग रंगून आणि १९३०च्या दशकात इंग्लंड. विनोदाच्या इतिहासात ज्याचं नाव इतक्या आदराने घेतलं जातं, त्याची नगरला आणि पुण्याला फारशी आठवण असू नये, याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात मिलिगन स्वतः तोफखान्यात होता. उत्तर आफ्रिकेत त्याच्या तुकडीची एक अवजड तोफ कड्यावरून घरंगळत खाली गेली आणि पुढे गून शोमध्ये त्याचा साथीदार झालेला हॅरी सीकम्ब बसला होता त्या ट्रकच्या जवळ पडली. थोड्या वेळाने मिलिगन तिथे डोकावला आणि कुणी तोफ पाहिलीत का, अशी चौकशी करू लागला. दोघांची ओळख ही अशी. १९४४ साली इटलीत तो जखमी झाला आणि त्या धक्क्यातून मनाने कधीच पुरता सावरला नाही. गून शोमध्ये मिनिटामिनिटाला स्फोट होतात आणि मेलेली पात्रं पुढच्या आठवड्यात धडधाकट परत येतात. मला वाटतं, हा युद्ध पाहिलेल्या माणसाचा विनोद आहे. एका हंगामात २६-२६ भाग लिहिण्याचा भार त्याला पेलवला नाही. या मालिकेच्या काळातच त्याला मानसिक आजारासाठी रुग्णालयात राहावं लागलं.

मालिका १९५१च्या मे महिन्यात ‘क्रेझी पीपल’ या नावाने सुरू झाली आणि १९६०च्या जानेवारीपर्यंत चालली. दोनशेहून अधिक भाग झाले. पण तिचं वेगळेपण आकड्यांत नाही, आवाजाच्या वापरात आहे. ‘नेपोलियन्स पियानो’ (१९५५) या भागात सीकम्बचा नेडी सीगून पॅरिसच्या लूव्रमधला पियानो इंग्लंडात आणण्याचा करार करून बसतो आणि शेवटी त्या पियानोवरच बसून समुद्र ओलांडतो. ‘टेल्स ऑफ ओल्ड डार्टमूर’मध्ये तर अख्खा तुरुंगच समुद्रात हाकारतात. हे पडद्यावर दाखवायचं तर सेटचा खर्च येईल आणि गंमत जाईल. रेडिओवर त्याला लाटांचा आवाज, पियानोचे चार सूर आणि ऐकणाऱ्याचं डोकं एवढंच लागतं. ब्लूबॉटल तर आपल्या संवादांसोबत कंसातल्या रंगसूचनाही मोठ्याने वाचून टाकतो: आता प्रवेश करतो, टाळ्यांसाठी थांबतो. असा विनोद फक्त रेडिओवरच जमू शकतो.

आवाजासाठी मिलिगन हट्टाला पेटायचा. एकदा त्याला काहीतरी लिबलिबीत आपटल्याचा आवाज हवा होता. त्याने कँटीनवालीकडून कस्टर्ड करून घेतलं, पायातल्या मोज्यात भरलं आणि फळीवर आपटलं, असा किस्सा आहे. मनासारखा आवाज तरीही आला नाही. १९५८मध्ये बीबीसीने इलेक्ट्रॉनिक ध्वनींसाठी रेडिओफोनिक वर्कशॉप काढलं. तिथून मेजर ब्लडनॉक या पात्राच्या बिघडलेल्या पोटाचा आवाज तयार होऊन आला!

हा ब्लडनॉक हिंदुस्थानात नोकरी केलेला, भित्रा आणि पैसेखाऊ गोरा अधिकारी. त्याच्यासोबत लालकाका आणि बॅनर्जी ही दोन ‘हिंदी’ पात्रंही अधूनमधून येतात. त्यांचे उच्चार आज कानाला खटकतात आणि ते खटकलेच पाहिजेत. मात्र साहेबाच्या रुबाबाची मिलिगनने जी धुलाई केली आहे, ती त्याहून कितीतरी कडक आहे.

सुरुवातीच्या हंगामांतले बहुतेक भाग आज नाहीत, कारण तेव्हा टेप जपून ठेवायची पद्धत नव्हती. पुढचे वाचले, त्यात परदेशी रेडिओ केंद्रांना विकण्यासाठी बीबीसीने काढलेल्या तबकड्यांचा मोठा वाटा आहे. त्यांत काही विनोद कापलेले असायचे. ते नंतर इतर प्रतींमधून शोधून पुन्हा जोडले गेले. श्रोत्यांनी घरी उतरवून ठेवलेल्या टेपाही त्यात कामी आल्या.

बरेच भाग आता इंटरनेट आर्काइव्हवर ऐकायला मिळतात. बीबीसीचे सीडीसंचही आहेत. सुरुवात ‘नेपोलियन्स पियानो’पासून करा. अर्ध्या तासाचा भाग आहे. हेडफोन लावा, फोन बाजूला ठेवा आणि स्वयंपाक करता करता मात्र ऐकू नका. पहिल्या दहा मिनिटांत बोली कळणार नाही, नावं डोक्यावरून जातील. थोडा धीर धरा. मध्ये मॅक्स गेल्ड्रेचं माउथ ऑर्गन आणि रे एलिंग्टनचं गाणं लागेल, तेही पुढे ढकलू नका. ते श्वास घेण्यासाठीच ठेवलेलं आहे. आकाशवाणीच्या श्रुतिकांवर आणि विविधभारतीच्या ‘हवामहल’वर ज्यांचे कान तयार झाले, त्यांना हे ऐकणं जड जाणार नाही.

आणि एक विनंती. तुमच्या माळ्यावर, कपाटात कुठे जुन्या श्रुतिका रेकॉर्ड केलेल्या कॅसेट पडून असतील, तर त्या याच वर्षी डिजिटल करून घ्या. आपल्या दमट हवेत टेपला लवकर बुरशी धरते.