रक्तात उरलेला पावसाळा

दिवाळीच्या तोंडावर डेंग्यूचे रुग्ण वाढलेले असतात आणि सुट्ट्यांमुळे रक्तदान शिबिरं रोडावलेली असतात. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. पनवेलच्या कामोठ्यासारख्या वसाहतीत अशा वेळी नातेवाईक दाते शोधत फिरतात. पण त्या दात्याच्या रक्तात आपल्या वस्तीच्या आरोग्याची एक नोंदही असते. ती आपण वाचायला हवी.

दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या त्यात नाहीत. या विषाणूंशी झुंज झाली की शरीर प्रतिपिंडं तयार करतं. त्यांतली आयजीएम संसर्ग ताजा असल्याचं सुचवतात, आयजीजी वर्षानुवर्षं टिकतात. डेंग्यूचे चारांपैकी तीन संसर्ग लक्षणांविनाच जातात, म्हणून रुग्णालयाच्या आकड्यांत न आलेली माणसं रक्तात सापडतात.

2017-18 मध्ये 15 राज्यांतल्या 240 ठिकाणी 5 ते 45 वयोगटातल्या 12,300 जणांचं रक्त तपासलं गेलं. देशात 48.7 टक्के, तर पश्चिम विभागात 62.3 टक्के लोकांना डेंग्यू होऊन गेला होता. चिकुनगुन्याचं प्रमाण देशात 18.1, पश्चिमेत 23 टक्के होतं.

रक्तातली ही नोंद पुसली गेली की काय होतं, हे महाराष्ट्राने अनुभवलं आहे. 1973 मध्ये बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. पुढे तीन दशकं हा आजार जवळपास विस्मरणात गेला. 2005-06 मध्ये तो परतला, तेव्हा बहुतेकांच्या रक्तात त्याला अडवणारं काही नव्हतं. गावंच्या गावं सांधे धरून बसली.

मात्र प्रतिपिंडांचा अर्थ जपून लावावा लागतो. पुण्यात 1952 मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राच्या (आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या) सुरुवातीच्या काळातच भारतीयांच्या रक्तात झिकाविरोधी प्रतिपिंडं आढळली होती. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण मात्र 2021 मध्ये, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर इथे नोंदला गेला. डेंग्यू आणि झिका एकाच कुळातले असल्याने एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या चाचणीतही उमटू शकतात.

कामोठ्यात आणखी एक पेच आहे. सिडकोच्या या वसाहतीत बाहेरगावाहून आलेली कुटुंबं पुष्कळ. दात्याला डास इथे चावला की गावी, हे आयजीजी सांगत नाही. म्हणून नमुन्यासोबत वय आणि इथल्या वास्तव्याची वर्षं विचारायला हवीत. शिवाय दाते 18 ते 65 वयाचे, धडधाकट आणि बहुतांशी पुरुष. मुलांची स्थिती त्यांच्यावरून कळणार नाही.

आयजीजी असलेलं रक्त धोक्याचं नसतं. धोका असतो तो रक्तात विषाणू फिरत असताना, ताप येण्याआधी झालेल्या दानात. रक्तातून डेंग्यू पोचल्याच्या घटना हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये नोंदल्या गेल्या आहेत. म्हणूनच डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झालेल्याने पूर्ण बरं झाल्यावर सहा महिने रक्त देऊ नये, असा आपल्याकडचा नियम आहे.

कामोठ्यात एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय आहे, प्रयोगशाळेचं ज्ञान आहे आणि शिबिरं भरवणारी मंडळंही आहेत. दात्यांची संमती घेऊन, नावं गुप्त ठेवून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये थोडे नमुने तपासले, तर साथीचा कल पनवेल महापालिकेला कळेल आणि पुढच्या पावसाळ्याची फवारणी, पाण्याच्या टाक्यांची तपासणी त्यानुसार आखता येईल. दात्यांनीही एक करावं: रक्त दिल्यानंतर दोन आठवड्यांत ताप आला, तर रक्तपेढीला लगेच फोन करावा. त्या एका फोनवर पिशवी वेळीच बाजूला ठेवता येते.