कपाटातला प्रोजेक्ट

लास्ट इयरचा प्रोजेक्ट व्हायवा झाल्यावर जातो कुठे? कपाटात! सरकारचं नाविन्यता धोरणही नेमकं इथेच अडतं.

नाशिकचंच बघा. २००३ च्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली. २०१५ च्या कुंभासाठी 'कुंभथॉन'मध्ये स्थानिक विद्यार्थी आणि एमआयटी मीडिया लॅबचे संशोधक एकत्र आले. त्यातून गर्दी मोजणारी चटई निघाली. पाय पडला की सेन्सरला दाब कळतो, आणि किती माणसं गेली याचा अंदाज येतो.

पण चाचणी वेगळी, खरेदी वेगळी. टेंडर म्हटलं की आधीचा अनुभव आणि उलाढाल दाखवा. नव्या पोरांकडे दोन्ही नसतं. म्हणून राज्याने २०१८ मध्ये स्टार्टअप धोरण आणलं. त्याच वर्षीच्या 'स्टार्टअप वीक'मध्ये २४ विजेत्यांना १५ लाखांपर्यंतची सरकारी कामं देऊ केली. वाट चांगली आहे. पण पहिल्या ऑर्डरनंतर काय? देखभाल कोण करणार, पुढचा खर्च कुठल्या खात्यातून?

तेव्हा २०२७ च्या कुंभासाठी काही बनवणार असाल तर सर्किट जोडण्याआधी महापालिकेत एक चक्कर मारा आणि विचारा, "हे वापरणार कोण?" उत्तर मिळालं, तर प्रोजेक्ट कपाटात जाणार नाही.