शेण थोडे, खत फार

वसतिगृहामागे, शाळेच्या आवारात किंवा गावच्या पडीत जागेवर दहा जणांनी मिळून भाजीची बाग करावयाचे ठरविले की पहिला प्रश्न पाण्याचा आणि दुसरा खताचा येतो. पाण्याचा विचार सर्वजण करतात. खताची चर्चा मात्र ‘गावातून दोन बंड्या शेणखत आणू’ या वाक्यावर संपते. ते कोणाच्या कोठ्यातून येणार, त्याच्या वावराला काय उरणार आणि आणलेल्या ढिगात खरे खत किती, हे प्रश्न तसेच राहतात. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्यांनी तरी ते टाळू नयेत; कारण या विषयाचा विचार आपल्या अंगणातच झाला आहे.

अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे काडीकचरा व शेण यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसविली. गांधीजींनी १९३५ साली ‘हरिजन’मधून या इंदूर पद्धतीचा पुरस्कार केला. १९३६ साली ते शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहावयास आले. जमनालाल बजाजांनी १९४१ साली वर्ध्याच्या गोपुरीत गोसेवा संघाचे काम आरंभिले. गाय-बैलाचे मोल केवळ दुधावर व श्रमावर ठरत नाही, शेण-मूत्रही त्या हिशेबात धरावे लागते, हा विचार या भूमीत त्या काळी रुजला.

आज परिस्थिती पालटली आहे. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ जनावरांचा मुलूख; पण ट्रॅक्टर आले, चराईची राने आकसली आणि अनेक घरचे कोठे रिकामे झाले. जे शेण उरले त्यातले काही अजून गोवऱ्या होऊन चुलीत जाते. कोरडवाहू कपाशी-तुरीच्या शेतकऱ्याला ते पुरत नाही. अशा वेळी पैशाच्या जोरावर त्याच्या उकिरड्यातून बंड्या भरून आणणे म्हणजे एका वावराचा कस काढून दुसरीकडे टाकणेच होय. म्हणून आपली मागणी कमीत कमी असावी.

ती कमी असू शकते, हे कसे? आधी शेणाचे स्वरूप पाहू. ताज्या शेणात शंभरातले ऐंशी भाग पाणी असते. मोठे जनावर दिवसाला साधारण दहा किलो शेण देते. म्हणजे कोरडा भाग दोनच किलो. शिवाय जनावराने बाहेर टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपास मूत्रात असते, आणि ते बहुधा कोठ्याच्या मातीत मुरून जाते. उरलेले उघड्या उकिरड्यावर उन्हाने उडते, पावसाने वाहते. वैशाखात फुफाट्यासारखा भुरभुरणारा ढीग विकत घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. खत घ्यावयाचे तर खड्ड्यातले, झाकलेले, ओलसर घ्यावे. ज्या कोठ्यात जनावरांखाली कुटार पसरतात, तेथील मूत्राने भिजलेले कुटार तर आवर्जून मागावे.

शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या अधिक कसदार. सामान्य शेणखतात नत्र अर्धा टक्का, तर लेंडीखतात तीन टक्क्यांपर्यंत असते. कोंबडीखतही तितकेच तीव्र. ही दोन्ही खते बेताने व कुजवूनच वापरावीत.

कच्चे शेण बागेत घालू नये, याला कारणे आहेत. कुजताना ते तापते व कोवळी मुळे करपतात; तणांचे बी जिवंत राहते; हुमणीच्या अळ्या त्यात वाढतात; आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांतून रोगजंतू पोटात जाण्याचा धोका असतो. ढीग नीट रचला तर आतली उष्णता पंचावन्न ते साठ अंशांवर जाते आणि यातले बहुतेक दोष निघून जातात.

आता मुख्य गोष्ट. दह्यासाठी विरजण वाटीभर लागत नाही, चमचाभर पुरते. शेणाचे तसेच आहे. वाळल्या काडीकचऱ्यात कर्ब भरपूर, पण नत्र थोडे. म्हणून तो लवकर कुजत नाही. शेण त्याला जिवाणू देते व थोडे नत्रही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी याच तत्त्वावर पद्धत बसविली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर गेली.

तिचे टाके विटांचे असते : दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. हवा खेळावी म्हणून भिंतीत भोके ठेवतात. आत सहा इंच काडीकचरा, त्यावर सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवलेले चार किलो शेण, त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली कोरडी माती, असे थर काठाच्या दीड फूट वर जाईपर्यंत रचावेत आणि शेणमातीने लिंपावे. दोन-तीन आठवड्यांत ढीग खचतो. तेव्हा पुन्हा भरून लिंपावे. भेगा पडू देऊ नयेत. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते.

एका टाक्याला सुमारे चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, साडेसतराशे किलो माती आणि अवघे शंभर किलो शेण लागते. म्हणजे एका गाईचे दहा दिवसांचे शेण! खत निघते सुमारे तीन टन. त्यात मातीचा वाटा मोठा, म्हणून शेणखताच्या दुप्पट, चौरस मीटरला चार किलो धरले तरी सात गुंठे बागेला ते पुरते.

कचरा कोठून आणावा? आवारातला पालापाचोळा, स्वयंपाकघरातील देठ-साली, पावसाळ्यात माजणारा तरोटा, फुलावर येण्यापूर्वी उपटलेले गाजरगवत. धुऱ्यावर जाळल्या जाणाऱ्या पऱ्हाट्याही चालतात, पण बारीक तुकडे करून. प्लास्टिक व काच मात्र निवडून काढावी.

तयार खताला मातीचा वास येतो, शेणाचा नाही. मुठीत दाबले तर ओल जाणवते, पाणी निथळत नाही. ते लागवडीपूर्वी पंधरा दिवस वरच्या चार बोटे मातीत मिसळावे. उन्हात पसरून ठेवू नये. हाताला जखम असल्यास खत हाताळू नये, आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

बाग सामुदायिक असेल तर तिचे खतही समाजाला न लुबाडता झाले पाहिजे. ज्याच्याकडून दहा टोपली शेण आणले, त्याच्या वावरासाठी टाक्यातले चार टोपली खत परत पाठवावे आणि टाके रचण्याची रीतही दाखवावी. तेवढे झाले तर बाग भाजी पिकवील आणि गावाशी आपले नातेही पिकवील.