शिशाची बखर

पृथ्वीचे वय किती, हा प्रश्न मनात धरून 1948 च्या सुमारास शिकागो विद्यापीठात संशोधनास बसलेल्या क्लेअर पॅटरसन या तरुण रसायनज्ञांना मोटारींच्या धुराशी काही कर्तव्य नव्हते. युरेनियमचा अणू क्रमाक्रमाने झिजत अखेर शिशात परिणत होतो, आणि ही झीज ज्या ठरावीक गतीने होते ती ज्ञात असल्यामुळे, एखाद्या प्राचीन खडकात शिशाची कोणती समस्थानिके किती प्रमाणात आहेत हे अचूक मोजता आले तर त्या खडकाचा जन्मकाळ गणिताने निश्चित करता येतो, एवढेच त्यांना करावयाचे होते. पण ज्या कणात शिशाचा केवळ मागमूस असावा, त्याच कणात प्रत्येक वेळी अपेक्षेच्या कितीतरी पट शिसे निघू लागले. नळाचे पाणी, भिंतीचा रंग, काचपात्रे, बाजारातून आलेली रसायने, हवेतली धूळ, इतकेच काय पण संशोधकाच्या डोक्यावरचे केस, यांपैकी काहीही शिशावाचून नव्हते.

पुढे कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे कॅल्टेक संस्थेत त्यांनी जी प्रयोगशाळा उभारली, तिच्यात आत येणारी हवा गाळून घेतली जाई, भांडी पुनःपुन्हा आम्लात धुतली जात, रसायने घरीच नव्याने ऊर्ध्वपातित करून शुद्ध केली जात, आणि माणसाला केस व अंग झाकल्यावाचून आत पाऊल टाकण्याची मुभा नसे. या सोवळ्याचे फळ असे, की ॲरिझोनातील कॅन्यन डायब्लो येथे पडलेल्या उल्केच्या आधारे पृथ्वीचे वय सुमारे 455 कोटी वर्षे असल्याचे 1956 मध्ये त्यांनी सिद्ध केले, आणि तो आकडा आजही जवळजवळ तसाच कायम आहे. दुसऱ्या कोणी एवढ्या यशावर समाधान मानले असते. पॅटरसन मात्र ज्या धुळीशी इतकी वर्षे झगडले, ती मुळात आली कोठून, याचा शोध घ्यावयास निघाले.

तिच्या उगमांपैकी सर्वांत मोठा उगम अमेरिकेतील ओहायो संस्थानात, डेटन शहरी, जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेत होता. पहिल्या महायुद्धानंतर मोटारीचे इंजिन अधिक शक्तिमान करावयाचे तर सिलिंडरातील दाब वाढवणे प्राप्त होते, आणि दाब वाढवला की पेट्रोल अवेळी पेट घेऊन इंजिन ठोके देऊ लागे, ज्याला आपल्या गॅरेजमधील मंडळी ‘नॉकिंग’ म्हणतात. हा ठोका थांबवणाऱ्या द्रव्याच्या शोधात टॉमस मिज्ली या अभियंत्याने नानाविध पदार्थ पेट्रोलात मिसळून पाहिले. त्यांतील टेल्युरियमची लसणासारखी दुर्गंधी तर प्रयोग करणाऱ्यांच्या अंगाला अशी चिकटे, की अंघोळीनेही ती जाईना. अखेर 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राएथिल शिसे या तेलकट द्रवाच्या अल्पशा मात्रेने तो ठोका एकदम थांबला, आणि 1923 च्या फेब्रुवारीत डेटनमधीलच एका पंपावर असे पेट्रोल प्रथम विकले गेले. विकताना त्याला जे ‘एथिल’ नाव दिले, त्यात शिशाचा उल्लेख नव्हता.

हे सारे अज्ञानातून घडले असे म्हणून इतिहासाला सोडून देता येत नाही. शिसे विषारी आहे हे प्राचीन वैद्यांना ठाऊक होते, आणि शिशाच्या भट्ट्यांतील मजुरांची पोटशूळ, पक्षाघात व मतिभ्रंश ही दुखणी युरोपातील वैद्यकग्रंथांत सविस्तर नोंदलेली होती. दुसरा मार्ग नव्हता असेही नव्हे. पेट्रोलात मद्यार्क मिसळला तरी ठोका शमतो, हे मिज्लींनी स्वतःच पाहिले होते. परंतु मद्यार्क कोणाही शेतकऱ्याला धान्यापासून गाळता येतो, त्यावर एकस्व मिळवून जगभर खंडणी वसूल करता येत नाही, आणि शिवाय तो पुरेसा मिसळावयाचा तर पेट्रोलची विक्रीच तितकी घटते. शिसे गॅलनला जेमतेम 3 घन सेंटीमीटर पुरत असे. व्यापाऱ्याच्या खतावणीत या दोहोंपैकी कोणता जिन्नस सरस ठरणार, हे उघड होते.

1924 च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे द्रव्य बनवणारे कामगार एकाएकी भ्रमिष्ट झाले. त्यांतील पाच जण दगावले आणि इतर कित्येकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच प्रांतातील ड्यू पाँटच्या कारखान्यात तर कामगार हवेत नसलेले किडे हातांनी हाकलू लागत, म्हणून त्या इमारतीला त्यांचे सोबती ‘फुलपाखरांचे घर’ म्हणत. गवगवा झाला, न्यूयॉर्क शहराने बंदी घातली, आणि पत्रकारांचे समाधान करण्यासाठी मिज्लींनी 30 ऑक्टोबर रोजी सर्वांसमक्ष त्या द्रवाने हात धुऊन दाखवले व बाटली नाकाशी धरून मिनिटभर तिचा वास घेतला. हे गृहस्थ त्याआधीच शिशाच्या विषबाधेने आजारी पडून विश्रांतीसाठी काही आठवडे फ्लोरिडात राहून आले होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या प्रात्यक्षिकाची किंमत कळते.

20 मे 1925 रोजी वॉशिंग्टन येथे सरकारी आरोग्यखात्याने परिषद बोलावली. औद्योगिक रोगांच्या त्या काळच्या अग्रगण्य जाणकार डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी तेथे निःसंदिग्ध इशारा दिला, की कारखान्याच्या चार भिंतींतील अपघातापेक्षा रस्त्यांवर हळूहळू साचत जाणारे विष अधिक भयंकर ठरेल, आणि ते जाणवेल तेव्हा परतीची वाट राहिलेली नसेल. परिषद एका दिवसात आटोपली. पुढे नेमलेल्या समितीने 252 माणसांची तपासणी करून, बंदी घालण्यास सबळ कारण दिसत नाही, मात्र अन्वेषण सरकारी खर्चाने पुढे चालू ठेवावे, असा अहवाल 1926 च्या जानेवारीत दिला. त्या शिफारशीचा पूर्वार्ध ताबडतोब अमलात आला आणि उत्तरार्ध दप्तरात बांधला गेला. त्यानंतरची सुमारे चाळीस वर्षे शिशाच्या आरोग्यविषयक संशोधनाची सूत्रे सिनसिनाटीच्या डॉ. रॉबर्ट केहो यांच्या हाती राहिली, आणि त्यांच्या प्रयोगशाळेचा खर्च शिसे विकणारे उद्योगच करीत.

या बखरीतले सर्वांत क्लेशदायक प्रकरण माझ्या मते बेवेचे मृत्यू हे नव्हे, तर केहो यांचा युक्तिवाद हे आहे. त्यांचे म्हणणे असे, की शिसे प्रत्येक माणसाच्या शरीरात आढळते, तेव्हा ते नैसर्गिक आहे. अमुक एका मर्यादेखाली ते निरुपद्रवी आहे. आणि याउलट ज्याला वाटते त्याने पुरावा आणावा. या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ ते मेक्सिकोतील दूरच्या एका खेड्यापर्यंत गेले, तेथील मोटार न पाहिलेल्या शेतकऱ्यांच्या मूत्रातही त्यांना शिसे सापडले, आणि त्यांची खात्री पटली. ती माणसे शिशाचा झिलई-लेप दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवत होती. पेठेतील सगळीच वजने सारख्या प्रमाणात खोटी असली तर गिऱ्हाइकाला तक्रार करण्यास जागाच उरत नाही, तशी ही अवस्था होती. फिर्यादीला पुरावा मागायचा आणि ज्या मापाने पुरावा मोजायचा ते मापच आधी बिघडवून ठेवायचे, अशी ही न्यायाची तऱ्हा होती.

ते माप दुरुस्त करण्याचे काम पॅटरसन यांनी केले. समुद्राच्या पृष्ठभागाजवळील पाण्यात खोल तळापेक्षा कितीतरी अधिक शिसे असल्याचे त्यांना दिसले, म्हणजे ते वरून आणि अलीकडेच पडलेले असले पाहिजे. नंतर त्यांनी बर्फाकडे मोर्चा वळवला. ग्रीनलंडमध्ये अमेरिकन सैन्याने कँप सेंच्युरी येथे हिमस्तराच्या पोटात छावणी खोदली होती, आणि तेथील उतरत्या बोगद्यात खाली जावे तसतसे शतकांपूर्वी पडलेले हिम हाती लागत असे. अंगभर प्लास्टिकचे पोशाख व आम्लाने धुतलेले हातमोजे घालून त्यांच्या चमूने तेथील बर्फाचे ठोकळे कापले, कारण एका बोटाचा स्पर्शही हजार वर्षांचा दाखला खोटा ठरवण्यास पुरेसा होता. मुरोझुमी व चाऊ या सहकाऱ्यांसमवेत 1969 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की इसवी सनापूर्वी 800 च्या सुमाराच्या बर्फात जेवढे शिसे होते त्याच्या 200 पटींहून अधिक 1965 च्या बर्फात होते, आणि सर्वांत उभा चढ 1940 नंतरचा होता. पुढे इतर संशोधकांना ग्रीनलंडच्याच बर्फात रोमन साम्राज्याच्या रुप्याच्या खाणींचा धूरही सापडला. कार्थेज व रोम यांनी स्पेनमध्ये पेटवलेल्या भट्ट्यांनी ध्रुवप्रदेशावरील शिसे स्वाभाविक पातळीच्या सुमारे चौपट केले होते. रोमची साम्राज्यसत्ता लयाला गेली, तिच्या भट्टीची धूळ मात्र थरात बसली ती बसलीच.

1965 च्या आपल्या दीर्घ लेखात पॅटरसन यांनी म्हटले होते, की सर्वत्र आढळणारे ते नैसर्गिक असतेच असे नाही, आणि अमेरिकन माणसाच्या देहातील शिसे स्वाभाविक प्रमाणाच्या सुमारे शंभरपट आहे. या लेखाचे परीक्षण केहो यांच्याकडेच गेले होते, आणि तो छापला जावा असे मत त्यांनीच दिले, हेतू एवढाच की तो उघड्यावर आला म्हणजे त्याचे खंडन करता येईल. खंडन झाले नाही. पॅटरसन यांचे अनुदान मात्र आटले, आणि हवेतील शिशाच्या प्रश्नावर 1971 मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने नेमलेल्या मंडळात या विषयाच्या सर्वांत मोठ्या जाणकाराला स्थान मिळाले नाही.

मुलांच्या बाबतीतला पुरावा आला तो दुधाच्या दातांतून. शिसे शरीरात कॅल्शियमचा वेष घेऊन वावरते आणि हाडांत व दातांत घर करते, या गुणधर्माचा उपयोग करून डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनलगतच्या चेल्सी व सॉमरव्हिल या दोन गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दात गोळा करविले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक होते ती मुले, बाहेरून पूर्ण निरोगी असूनही, बुद्धिमापनात मागे होती व वर्गात त्यांचे चित्त ठरत नव्हते, हे त्यांनी 1979 मध्ये मांडले. त्यांच्यावरही गैरवर्तनाचे आरोप झाले, चौकशी झाली, आणि ते निर्दोष ठरले.

अमेरिकेत शिसे हटू लागले त्याचे निकटचे कारण माणसाचे रक्षण हे नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. 1975 पासूनच्या मोटारींत धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवले जाऊ लागले, आणि शिसे त्या यंत्रातील मौल्यवान धातूवर थर धरून ते निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोल काढणे भाग पडले. परिणाम मात्र विस्मयकारक झाला: 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन जनतेच्या रक्तात दर डेसिलिटरमागे सरासरी 12.8 मायक्रोग्रॅम शिसे होते, ते 1991 पर्यंत 2.8 वर आले. मुले पूर्वीच्या कोणत्याही औषधाने जेवढी सुधारली नसती तेवढी एक जिन्नस टाकीत न घातल्याने सुधारली.

आपल्याकडे महेशचंद्र मेहता यांच्या सर्वोच्च न्यायालयातील याचिकांमुळे या विषयाला गती आली. 1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत कन्व्हर्टर बसवलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगातील शेवटचा साठा अल्जीरियात 2021 च्या जुलैत संपला. ज्या विषाविरुद्ध 1925 मध्ये भर सभेत साक्ष झाली होती ते पंपावरून उतरवण्यास शहाण्णव वर्षे लागली, आणि लहान विमानांच्या पेट्रोलात ते अजूनही घातले जाते.

पण पंप बंद झाल्याने शिसे नाहीसे होत नाही. धूर विरतो, काही वायू पावसात धुऊन जातात, कार्बन डायऑक्साइडदेखील शतकानुशतके का होईना वनस्पती व सागर शोषून घेतात. शिसे हे मूलद्रव्य आहे, त्याचे विघटन होऊन दुसरे काही होण्याची तजवीज निसर्गात नाही. एकट्या अमेरिकेत पेट्रोलावाटे सुमारे 70 लाख टन शिसे जाळले गेले, ते रस्त्याकडेच्या मातीत आहे, आणि वाऱ्याबरोबर पुन्हा उठते. लंडनमध्ये 2014 ते 2018 या काळात घेतलेल्या हवेच्या नमुन्यांतील शिशापैकी 40 टक्क्यांपर्यंतचा भाग, पूर्वीच बंद झालेल्या पेट्रोलातलाच असल्याचे समस्थानिकांच्या खुणेवरून उघड झाले. पॅटरसन यांनी पृथ्वीचे वय मोजण्यासाठी जी खूण वापरली तीच ही खूण.

दुसरा साठा आपल्या हाडांत आहे. प्रौढ देहातील शिशाचा 90 टक्क्यांहून अधिक भाग अस्थींत असतो आणि तेथे तो दशकानुदशके टिकतो. 1980 च्या सुमारास मुंबईत दादर किंवा सायनच्या वर्दळीच्या रस्त्यालगत जी मुलगी वाढली, तिच्या अस्थींत त्या काळचे पेट्रोल आहे. गरोदरपणी व अंगावर पाजताना बाळासाठी हाडांतून कॅल्शियम काढले जाते तेव्हा त्याबरोबर शिसेही निघते, आणि असे हे विष ज्या बाळाने तो धूर कधी हुंगलाच नाही त्याच्या रक्तात उतरते.

त्यात नवी भर पडते आहे ती मोटारींच्याच जुन्या बॅटऱ्यांची. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी सुमारे 85 टक्के शिसे बॅटऱ्यांत जाते, आणि आपल्या देशात जुन्या बॅटऱ्या फोडून वस्तीच्या काठावर उघड्या भट्टीत शिसे वितळवण्याचा धंदा गरीब मजूर, कधी मुलांना शेजारी बसवून, करीत असतात. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या 2020 च्या अहवालाने भारतातील सुमारे 27 कोटी 50 लाख मुलांच्या रक्तात शिसे दर डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅमच्या वर असल्याचा अंदाज दिला. सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची कोणतीही पातळी ज्ञात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. केहो यांची मर्यादा आता कोणी मानीत नाही. तथापि मोजल्यावाचून निर्धास्त राहण्याची त्यांची रीत आपण अजून टाकलेली नाही. देहात लोह कमी असले म्हणजे आतडी शिसे अधिक शोषतात, आणि आपल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया व बालके रक्तक्षयाने पीडित आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन पाहण्यासाठी बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो. तशाच आणखी एका थेंबावरून शिसे मोजणारी सुटसुटीत यंत्रे उपलब्ध आहेत, आणि ती आधी भट्ट्यांच्या वस्त्यांत व जुन्या हमरस्त्यांलगतच्या केंद्रांत पोहोचवावीत, एवढी मागणी आजच्या घटकेला राज्याच्या आरोग्यखात्याकडे करता येण्यासारखी आहे.