पाणपक्ष्यांची अंगकाठी (लेखांक ५) : उंच मुलखातले बदक मोठे का?

एकाच जातीच्या बदकांपैकी उंच, थंड मुलखात वीण करणारी बदके सखल मुलखातल्या आपल्या भाऊबंदांपेक्षा बहुधा अंगाने मोठी भरतात. (उंची इथे मुलखाची, समुद्रसपाटीपासून मोजलेली, पक्ष्याची नव्हे.) विधान सोपे आहे, पण त्यातल्या 'बहुधा' या शब्दात सगळी गोम आहे. उंचावर दोन गोष्टी एकदम बदलतात. थंडी वाढते आणि हवा विरळ होते. थंडीत मोठे शरीर फायद्याचे ठरते, तर विरळ हवेत तेच शरीर उडवणे महाग पडते. या ओढाताणीत कोणती बाजू जिंकेल, ते त्या पक्ष्याच्या राहणीवर अवलंबून असते.

थंडीची बाजू जुनी आणि परिचित आहे. कार्ल बर्गमान या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४७ साली ती मांडली. मोठ्या पातेल्यातला भात तासाभरानेही कोमट असतो आणि त्यातूनच वाटीत काढलेला घास-दोन घास भात बघता बघता निवतो. बर्गमानचा नियम एवढाच आहे. उष्णता पृष्ठभागातून बाहेर जाते, तयार मात्र सगळ्या अंगात होते. वस्तूची लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो, घनफळ आठपट. आपल्याकडच्या दोन हिवाळी पाहुण्यांना हे गणित लावून पाहता येते. चक्रांग हे छोटे बदक सरासरी ३३० ग्रॅमचे, तर पट्टकादंब हा हंस साधारण २.४ किलोचा. वजन सव्वासात पट, पण पृष्ठभाग जेमतेम पावणेचार पट. म्हणजे हंसाच्या प्रत्येक ग्रॅम वजनामागे उष्णता गळायला चक्रांगाच्या निम्मीच जागा आहे. आतले तापमान ४१ अंशांच्या आसपास टिकवून, गोठू घातलेल्या पाण्यावर रात्र काढणाऱ्या प्राण्याला ही बचत थोडी नाही. १८७७ साली जोएल अॅलन याने याला पुरवणी जोडली, ती अशी की थंड मुलखात चोच, पाय अशी बाहेर निघालेली अंगे आखूड होतात.

नियम वाचताना एक चूक हटकून होते. तो एका जातीच्या आत, फार तर जवळच्या नातलगांत लावायचा असतो. दोन भलत्याच जातींत नाही. नकटा हे उष्ण प्रदेशातले बदक दोन किलोंच्या पुढे जाते. काणूकही उष्ण प्रदेशातलेच, पण अगदी चिमुकले, जगातल्या सर्वांत छोट्या बदकांत गणले जाणारे. दोघांना शेजारी ठेवून हवामानाविषयी काहीही सिद्ध होत नाही.

उंचीचा थंडीशी संबंध सरासरीचा आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडकरांना हे सातमाळा डोंगररांगेवर अनुभवता येते. गिरणा आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांमधला पाणलोट असलेल्या या रांगेतला धोडप साडेचौदाशे मीटरच्या घरातला. जवळच्या नांदूर मध्यमेश्वर पाणथळीचे पाणी सुमारे साडेपाचशे मीटरवर. तेव्हा माथ्यावर पाच-सहा अंशांनी गार वाटले पाहिजे, आणि दुपारी वाटतेही. पण पौषातल्या निरभ्र पहाटे गणित उलटते. त्या वेळी निफाडच्या सपाटीवर पारा पाच अंशांखाली उतरलेला असतो, द्राक्षबागांतून शेकोट्या पेटलेल्या असतात आणि डोंगरमाथा त्या मानाने उबदार असतो, कारण रात्री जड झालेली गार हवा उतारावरून खाली येऊन खोऱ्यात साचते. म्हणून अभ्यासकाने मीटरचा आकडा हाच थंडीचा आकडा धरला तर तो फसतो.

मोठ्या अंगाचा आणखी एक फायदा आहे आणि बदकांच्या बाबतीत तो ऊब टिकवण्याइतकाच मोलाचा असावा. तो म्हणजे उपास सोसण्याची ताकद. चरबीचा साठा वजनाच्या प्रमाणात वाढतो, खर्च मात्र त्याहून सावकाश वाढतो. वरचेच दोन पक्षी घेतले, तर चक्रांग ग्रॅममागे पट्टकादंबाच्या सुमारे १.६ पट ऊर्जा जाळते. दोघांच्या अंगावर सारख्या प्रमाणात चरबी असली, तरी हंस त्याच हिशेबाने जास्त दिवस तग धरतो. उंच पठारावरचे तळे अवेळी गोठले आणि चार दिवस चोच बुडवायला जागा उरली नाही, की हा फरक जगण्यामरण्याचा होतो.

आता दुसरी बाजू. साडेचार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रकाठच्या हवेच्या ६३ टक्के राहते आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायू त्याहूनही थोडा कमी. तेवढ्याच पंखांवर तेवढेच वजन पेलायचे, तर सुमारे सव्वापट वेगाने उडावे लागते, आणि त्यासाठी लागणारी जास्तीची ताकद अपुऱ्या प्राणवायूवर काढावी लागते. मोठ्या पक्ष्याची अडचण इथे दुहेरी होते. अंग त्याच घडणीत वाढले की वजन घनाच्या हिशेबाने वाढते आणि पंखांचे क्षेत्रफळ वर्गाच्या. परिणामी पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार वाढत जातो. हंस पाण्यावरून उठताना बराच पल्ला पळतो, चक्रांग जागच्या जागी उसळते. त्यामागचे कारण हेच.

या ओढाताणीचा स्वच्छ निकाल पाहायचा तर हिमालय सोडून दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात जावे लागते. तिथे तीन-चार हजार मीटरवर विस्तीर्ण पठार आहे, त्यावर तळी आहेत. टिटिकाका सरोवरच ३,८१२ मीटरवर आहे. एकाच जातीची बदके या तळ्यांवरही राहतात आणि खाली सखल पाणथळींवरही. संशोधक केव्हिन मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेली अनेक वर्षे अशा जोड्या अभ्यासल्या आहेत. दालचिनी रंगाचे 'सिनॅमन टील', पिवळ्या चोचीचे 'टील', डोक्यावर शेंडी असलेले 'क्रेस्टेड डक' या तिन्हींची पठारावरची उपजात सखल भागातल्या उपजातीपेक्षा मोठी आहे. नुसते आकारमान बदलून भागलेले नाही. या बदकांच्या रक्तातले हिमोग्लोबिनही बदललेले असून विरळ हवेतला प्राणवायू ते अधिक घट्ट पकडते. ही पठारी बदके बहुतांशी तिथेच जन्मतात, तिथेच मरतात. लांबचा प्रवास फारसा नसल्यामुळे उडण्याचे जादा बिल त्यांना रोज भरावे लागत नाही आणि थंडीची बाजू जिंकते.

पण त्याच पर्वतात 'टोरेंट डक' नावाचे एक बदक खळाळत्या ओढ्यांत राहते आणि ते नियमाला सरळ दाद देत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अक्षांश आणि उंची यांचा परिणाम वेगवेगळा तपासला गेला, तेव्हा नियम लागू पडणे न पडणे संदर्भावर अवलंबून असल्याचे दिसले. या बदकाला थंडीबरोबर पाण्याच्या ओढीशीही सामना करावा लागतो, हे लक्षात घेतले तर त्यात आश्चर्य नाही.

हिमालयाकडची कथा वेगळी आहे. पट्टकादंब लडाखच्या त्सो मोरिरी तळ्याकाठी, साडेचार हजार मीटरवर, तसाच तिबेट आणि मंगोलियातही अंडी घालतो. नांदूर मध्यमेश्वर आणि त्सो मोरिरी यांच्यात केवळ उंचीमुळे पंचवीस अंशांचा फरक पडायला हवा. नियम डोळे झाकून लावला तर हा हंस आपल्या कुळातला धिप्पाड गडी असायला हवा होता. प्रत्यक्षात सखल भागात वीण करणारा त्याचा भाऊबंद, राखी कलहंस, त्याच्यापेक्षा सहसा वजनदार असतो. पट्टकादंबाने विरळ हवेवरचा उपाय अंगाबाहेर दिसेल असा केलेलाच नाही. राखी कलहंसाच्या तुलनेत त्याच्या हिमोग्लोबिनमधला एक महत्त्वाचा अमिनो आम्ल-घटक बदलला आहे (अल्फा साखळीत ११९ व्या जागी प्रोलीनऐवजी अॅलॅनीन) आणि उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे अधिक दाट आहे. त्याला वर्षातून दोनदा हिमालय ओलांडायचा असतो. उपग्रहाच्या साह्याने माग काढलेल्या या हंसांची सर्वाधिक नोंदलेली उंची ७,२९० मीटर आहे, आणि बहुतेक हंस त्याच्या बरेच खालून, खिंडी धरून, जमिनीच्या चढउताराला धरून उडतात. उगाच उंची गाठणे त्यांना परवडत नाही. त्याच वाटेने येणारा चक्रवाक सव्वा-दीड किलोचा असतो आणि त्याच्या बाबतीत ६,८०० मीटरची नोंद आहे. काळ्या समुद्राच्या परिसरापासून तिबेटच्या पठारापर्यंत, सखल गवताळ मैदानांपासून पाच हजार मीटरच्या आसपासपर्यंत चक्रवाक वीण करतो. तरीही त्याच्या उपजाती मानल्या गेलेल्या नाहीत.

अँडीजमध्ये जे फुटून निघाले ते इकडे का नाही? उत्तर बदकांच्या सोयरिकीत सापडते. तलवार बदक, थापट्या, चक्रांग यांसारखी उत्तरेकडची बदके जोडीदार निवडतात ती हिवाळी मुक्कामावर. जानेवारी-फेब्रुवारीत नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर तलवार बदकाची एक मादी आणि तिच्याभोवती मान ताठ करून, शेपटी उंचावून फिरणारे चार-पाच नर हे दृश्य दुर्बिणीतून सहज दिसते. जोडी जमली की वसंतात मादी आपल्या जन्मगावाकडे परतते आणि नर तिच्या मागे जातो, मग त्याचा जन्म कुठलाही असो. थोडक्यात, बदकांत नर घरजावई असतो. दरवर्षी असे परगावचे घरजावई येत राहिले की एका खोऱ्यातली किंवा एका उंचीवरची वंशवैशिष्ट्ये साचायला उसंत मिळत नाही.

आकार मोजणे हाही दिसतो तितका सरळ मामला नाही. वजन सर्वांत फसवे. स्थलांतराआधी पक्षी चरबी चढवतो आणि मुक्कामी पोचतो तेव्हा हाडे लागलेली असतात. तोच पक्षी महिन्याभराच्या अंतराने दोन वेगळे आकडे देतो. म्हणून कडे घालण्यासाठी पकडलेले बदक आधी कापडी पिशवीत घालून काट्याला लावतात, मग पट्टीवर मिटलेला पंख मोजतात आणि शेवटी कॅलिपरने पायाची नळी आणि चोच. नळीचे हाड एकदा वाढले की वाढले. अंगाच्या मूळ बांध्याचा अंदाज त्यावरूनच बरा येतो. नर माद्यांपेक्षा मोठे, पहिल्या वर्षाची पिले प्रौढांपेक्षा हलकी, तेव्हा या गटांची सरमिसळ झाली की सरासरीला अर्थ राहत नाही. शिवाय सगळा आकार आनुवंशिकच असतो असेही नाही. कॅनडात हडसन उपसागराच्या काठी हिमहंसांनी आपलीच कुरणे खरवडून काढली, तेव्हा पुढच्या पिढ्यांतली पिले पोसली गेली नाहीत आणि प्रौढ झाल्यावरही अंगाने लहानच राहिली. वाढीच्या पहिल्या काही आठवड्यांत मिळालेले गवत असे जन्मभर हाडांत दिसते.

हे सगळे ध्यानात घेतले म्हणजे चांदवड-निफाडच्या पाण्यावर उंचीनुसार बदके मोजू गेल्यास हाती काही का लागणार नाही, ते कळते. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, आणि बदकांना उतरण्याजोगी मोठी पाणी धरणारी ठिकाणे बहुतेक त्याच्या निम्म्या उंचीच्याही खाली आहेत. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचला, त्यातून बेटे आणि उथळ पाणी तयार झाले. तेच नांदूर मध्यमेश्वर. १९८६ साली अभयारण्य झालेले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेले. चापडगावच्या मनोऱ्यावरून दिसणाऱ्या बदकांत बारमाही राहणारे हळदी-कुंकू आहे, अडई आहे. बाकीची गर्दी पाहुण्यांची. त्यांच्या अंगकाठीचा नांदूरच्या साडेपाचशे मीटरशी संबंध नाही. ती घडली ते मुलूख हजारो किलोमीटर दूर आहेत. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचा पट्टा चढवलेले पट्टकादंब महाराष्ट्रातल्या तलावांवर दिसले आहेत. मंगोलियातला हंस आणि तिबेटातला हंस, जन्मगावांच्या उंचीत दोन-अडीच हजार मीटरचा फरक असलेले, इथे एकाच हरभऱ्याच्या रानात शेजारी चरत असू शकतात. नुसत्या नजरेने कोण कुठला, ते ओळखू येत नाही.

कळायचा एक मार्ग पिसात आहे. पावसाच्या पाण्यात साध्या हायड्रोजनबरोबर थोडा जड हायड्रोजनही असतो. ढग जसजसे समुद्रापासून दूर आणि उंचावर जातात, तसतसा जड अंश आधी गळून जातो आणि वरच्या मुलखातल्या पाण्यात तो कमी उरतो. ते पाणी गवतात, गवतातून पक्ष्यात आणि पक्ष्यातून वाढत्या पिसात जाते. बदके आणि हंस उडण्याची पिसे उन्हाळ्यात, सहसा वीण झाल्यावर उत्तरेकडेच, एकदम झाडतात आणि नवी घालतात. पीस पूर्ण वाढले की त्यातला हायड्रोजन पुढे बदलत नाही. म्हणून ज्या पक्ष्याच्या पायाची नळी कॅलिपरने मोजली, त्याच्याच पंखातल्या पिसाचा छोटा तुकडा तपासला, तर तो साधारण कोणत्या मुलखातून आला याचा अंदाज बांधता येतो आणि हाडाच्या लांबीसमोर त्या मुलखाची उंची मांडता येते.