घायपात थंडीने मरत नाही, ओल्या थंडीने मरतं

ऐकताना आकडे लक्षात राहत नाहीत, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. म्हणून या भागाचा मजकूर इथे देतोय. बसमध्ये ऐका, घरी जाऊन वाचा.

आजचा विषय आहे घायपात. हो, तेच! शेताच्या बांधावर, रेल्वे लाइनच्या कडेला दिसणारं, लांब राखाडी पानांचं, टोकाला सुई असलेलं. शास्त्रीय नाव अगेव्ह अमेरिकाना. मूळचं मेक्सिको आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातलं. आपल्याकडे त्याला कुणी पाणीसुद्धा घालत नाही. मी सध्या इंग्लंडमध्ये राहतो, आणि इथे लोक त्याला तान्ह्या बाळासारखं जपतात.

माझ्याकडेही एक आहे, मोठ्या कुंडीत. घर भाड्याचं, काचघर नाही. आत ठेवावं तर पानाची सुई कुणाच्या तरी डोळ्यात जायची. म्हणजे हिवाळा त्याने बाहेरच काढायचा. आणि हे झाड काही दोन महिन्यांत परत वाढणारं नाही. फुलायलाच त्याला साधारण १० ते ३० वर्षं लागतात. आयुष्यात एकदाच उंच दांडा काढून फुलतं आणि मग मरतं. इतक्या वर्षांची वाढ जानेवारीतल्या एका रात्रीत काळी, लिबलिबीत होऊ शकते. म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी एक शब्द समजून घेऊ: हाफ-हार्डी. म्हणजे थोडी थंडी सोसणारं, पण कडक गोठण न सोसणारं झाड. ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी झाडांना थंडीनुसार दर्जा देते. त्यात एच-३ म्हणजे हाफ-हार्डी, साधारण १ अंश ते उणे ५ अंश सेल्सिअस. एच-७ म्हणजे उणे २० च्याही खाली टिकणारं.

पण खरी गोम पुढे आहे. एकच आकडा धरून बसलात तर फसाल. मुरमाड, कोरड्या जमिनीत रुजलेलं मोठं घायपात काही तास उणे ५ च्या खालीही तग धरतं. तेच झाड चिखलासारख्या ओल्या कुंडीत असेल, तर त्याहून कमी थंडीतही सडतं. असं का?

घायपाताचं पान म्हणजे पाण्याची टाकी. तापमान शून्याखाली गेलं की बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत तयार होतो. तो बर्फ पेशींमधलं पाणी बाहेर ओढतो. पेशी आक्रसतात, पण थोडं फार सोसतात. बर्फ पेशीच्या आत झाला, तर मात्र पेशी फुटते आणि खेळ खल्लास. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की पान उकडलेल्या भाजीसारखं दिसायला लागतं.

आता झाडही काही गप्प बसत नाही. ऑक्टोबरपासून रात्री हळूहळू गार होत गेल्या, तर पेशी आपलं पाणी कमी करतात, आतली साखर वाढवतात. साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठतं. म्हणजे झाड स्वतःच तयारी करतं. आपण त्या वेळी भरपूर पाणी आणि खत घातलं, तर ती तयारी आपणच मोडतो.

त्याच्या मेक्सिकोतल्या माळावरही हिवाळी रात्री कडक असतात. पण तिथला हिवाळा कोरडा, आणि दिवसा लख्ख ऊन. इंग्लंडमध्ये उलटं: आठवडाभर रिपरिप, ऊन नावाला. थंडी त्याच्या ओळखीची आहे, ही ओल नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आकाश. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. गंमत म्हणजे त्या रात्री हवेचं तापमान बऱ्याचदा शून्याच्या वर असतं! ढग नसतील, वारा नसेल, तर जमीन आणि पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि हवेपेक्षा जास्त गार होतात. म्हणून मोबाइलवर २ अंश दिसले तरी निर्धास्त राहू नका. आकाश निरभ्र आहे का, ते आधी बघा.

आता मी काय करतो ते सांगतो.

एक, मातीत जवळपास निम्मी बारीक खडी. पाणी घातलं की खालून लगेच निघून गेलं पाहिजे.

दोन, ऑगस्टनंतर खत बंद, ऑक्टोबर संपता संपता पाणी बंद. थेट मार्चपर्यंत. पानं थोडी आक्रसली तरी चालेल.

तीन, कुंडी घराच्या भिंतीला टेकवून, वर छज्जा असेल अशा जागी. भिंत दिवसाची ऊब रात्री सोडते. छज्जा पाऊसही अडवतो आणि उघडं आकाशही.

चार, कुंडीखाली विटा, कुंडीभोवती बबल रॅप. जमिनीतल्या मुळांना मातीची ऊब असते, कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी गार हवा लागते. म्हणून आधी मुळं सांभाळायची.

पाच, कडक रात्र असेल तर वरून फ्लीस, म्हणजे बागकामाचं पातळ पांढरं कापड. त्याने एखाद-दोन अंशांचा फरक पडतो. सकाळी काढून टाकायचं.

एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, फ्लीस नाही, प्लास्टिकची पिशवी घातली तर?" नको रे. आत वाफ धरते, थेंब पानांवर पडतात आणि तेच गोठतात. जुनी सुती चादर त्यापेक्षा बरी, फक्त ती कोरडी हवी.

एवढं करूनही खात्री नसते. कॉर्नवॉलजवळच्या सिली बेटांवर ट्रेस्को ॲबे गार्डन आहे. सौम्य हवेमुळे तिथे अशी झाडं वर्षानुवर्षं उघड्यावर वाढतात. पण जानेवारी १९८७ मध्ये तिथेही बर्फ पडला, कडाका आला आणि बागेचं प्रचंड नुकसान झालं. नंतर पुन्हा लागवड करावी लागली. मग आपल्या कुंडीची काय कथा!

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा उपाय शेवटी ठेवलाय. घायपाताच्या बुडाशी पिल्लं फुटतात. उन्हाळ्यात एक-दोन वेगळी करा, जखम काही दिवस सुकू द्या, छोट्या कुंडीत लावा आणि हिवाळ्यात खिडकीशी घरात ठेवा. छोट्या झाडाला थंडी जास्त बाधते, पण ते घरात मावतं. मोठं गेलंच, तरी वंश राहतो.

आणि पानं काळी पडली तर लगेच फेकू नका. मधला टोकदार कोंब हाताला घट्ट लागतो का ते बघा, सुईपासून बोटं सांभाळून! घट्ट असेल तर झाड जिवंत आहे. कापाकापी वसंतात, हवा कोरडी झाल्यावर. कोंब ओढल्यावर हातात आला, तर मात्र पिल्लाकडे वळा.

महाराष्ट्रात ऐकणाऱ्यांनो, तुमच्या बांधावरच्या घायपाताला यातलं काहीही लागत नाही. पण तुमचा कुणी भाऊ, मैत्रीण परदेशात बाल्कनीत असं झाड सांभाळत असेल, तर हा भाग ऑक्टोबरच्या आत त्यांना पाठवा. डिसेंबरमध्ये पाठवलात तर उशीर झालेला असेल. भेटू पुढच्या भागात!